एणिके मेष्ट्रू

मेष्ट्रूंच्या आवाजाला चढउतार नव्हता. काफी गार झाली, हे ते ज्या सुरात सांगायचे, त्याच सुरात शेजारचे गृहस्थ सकाळी वारले, हेही सांगायचे. पहिले काही महिने मला वाटायचं, माणूस कोरडा आहे. मग वाटलं, थकलेला आहे. आठ वर्षं त्यांच्याबरोबर काम केल्यावर माझा आवाजही तसाच झाला, असं माझा नवरा म्हणतो. असेल. मला स्वतःला तो ऐकू येत नाही.

म्हैसूरच्या कोर्टात त्यांना सगळे 'एणिके मेष्ट्रू' म्हणत. कन्नडमध्ये एणिके म्हणजे मोजणी आणि मेष्ट्रू म्हणजे मास्तर. कॉलेजात त्यांनी जन्मभर समाजशास्त्र शिकवलं. पण सुट्टीच्या दिवसांत, आणि निवृत्त झाल्यावर तर रोजच, ते कोर्टाच्या व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसलेले असत. मांडीवर चपलांचं एक रिकामं खोकं आणि त्यात पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची कार्डं. शिपाई कोणाच्या नावाचा पुकारा करतो, तो माणूस हजर आहे की नाही, कोणाबरोबर आलाय, किती वेळ उभा आहे, त्याला पुढची तारीख कोणी समजावून सांगितली की तो नुसताच मान हलवून गेला, हे सगळं ते लिहून घ्यायचे. निकाल ते मोजत नसत. "निकाल सगळेच मोजतात," ते म्हणायचे, "मी वाट बघणं मोजतो." वकील आधी त्यांची चेष्टा करत. पुढे पुढे तेच वकील बाकावर त्यांच्यासाठी जागा धरून ठेवू लागले.

'पुष्कळ', 'बहुतेक', 'नेहमी' हे शब्द त्यांना सोसत नसत. समोरच्यानं म्हटलं की पुष्कळ लोक आले होते, की यांचा प्रश्न तयार, "पुष्कळ म्हणजे किती?" काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, या प्रश्नाला कंटाळून घरात विशेषणंच वापरायची सोडून दिली होती. "री, तीन वांगी किडकी निघाली," असं 'री', म्हणजे 'अहो', म्हणून त्या सरळ आकड्यानंच सुरू करायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मलाही हा प्रसाद मिळाला. नवऱ्याला हूटगळ्ळीच्या बाजूला कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही मिरजेहून म्हैसूरला आलो होतो. नव्या वसाहतीत घर, घरापुढं अर्धवट रस्ता, दिवसभर मी एकटी आणि हाताशी संख्याशास्त्राची पदवी. कोणीतरी सांगितलं की एका निवृत्त प्राध्यापकांना आकडे समजणारं माणूस हवं आहे. गेले. त्यांनी पदवीचा कागद बघितलाच नाही. तुमच्या घरापासून इथंवर येताना किती गतिरोधक लागले, असं विचारलं. मी म्हणाले, मोजले नाहीत. "परवागिल्ला," ते म्हणाले, म्हणजे हरकत नाही. "खोटा आकडा सांगितला नाही, तेवढं पुरे हाय. सोमवारी या, अम्मा."

त्यांची मराठी ऐकून मी त्या दिवशी चकितच झाले होते. त्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूर राज्यात घोडदळात होते. किती पिढ्यांपूर्वी ते आले हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्याचा आकडा ठाऊक नाही त्याविषयी मेष्ट्रू बोलत नसत. पण घरात मराठी टिकली होती. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधे कन्नडच्या दारातून बाहेर जायचं आणि केव्हातरी परत यायचं. "हे कार्ड सुम्ने ठेवू नका, उद्या कोण तरी वाचतील, अल्वा," असं. सुम्ने म्हणजे उगाच, अल्वा म्हणजे नाही का. माझी मराठी त्यांना बातम्यांसारखी वाटायची. "तुमी बोलता ते बरं हाय," एकदा म्हणाले, "मात्र रेडिओशी भांडता येत नाही." महाराष्ट्रात ते एकदाच गेले होते, कोल्हापूरला, एका लग्नाला. तिथं त्यांची मराठी ऐकून लोक हसले, म्हणून ते दोन दिवस कन्नडमध्येच बोलले. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. घडलं म्हणून सांगितलं.

मोजायला कशी सुरुवात झाली, हे मी एकदा विचारलं. तरुणपणी त्यांच्यासमोर एक अपघात झाला होता आणि पोलिसांनी साक्षीदार म्हणून त्यांचं नाव लिहून घेतलं होतं. ते अकरा वेळा कोर्टात गेले. अकराही वेळा साक्ष झाली नाही. बाराव्या वेळी प्रकरण आपसात मिटल्याचं कळलं. त्याच आठवड्यात एका व्याख्यानात कोणा मोठ्या माणसानं सांगितलं की साक्षीदारांना सहसा ताटकळावं लागत नाही. मेष्ट्रू श्रोत्यांत बसले होते. त्यांना राग आला का, असं मी विचारलं. "राग नाही. 'सहसा' म्हणजे किती, ते बघावं वाटलं," ते म्हणाले. पुढच्या सुट्टीत ते खोकं घेऊन बाकावर जाऊन बसले, ते बसलेच.

रागवायचं नाही, मोजायचं, हा त्यांच्याकडचा पहिला धडा. एकदा व्हरांड्यात एका म्हातारीला शिपायानं ओरडून हाकललं. ती चुकीच्या दारात उभी होती आणि योग्य दार कोणतं हे तिला कोणी सांगत नव्हतं. माझा तोल गेला, मी उठून शिपायाशी भांडले. परत बाकावर येऊन बसले तर मेष्ट्रू लिहीत होते. वेळ, दार, शिपायाचे शब्द, आणि खाली एका ओळीत, 'सहायिका उठून भांडली.' मला ते फार लागलं. पण नंतर याच नोंदींच्या जोरावर त्यांनी कोर्टाला अर्ज केला आणि दारांवर मोठ्या अक्षरांत कन्नड पाट्या लागल्या. माझ्या भांडणानं काही झालं नव्हतं. मग मीही रागवायचं सोडलं. सोपं असतं ते. थोडे दिवस जड जातं, मग काही वाटेनासं होतं.

आमचं सगळ्यात मोठं काम होतं ते जामिनावर सुटलेल्या लोकांवर. जामीन मिळाल्यावर कोण तारखेला येतं आणि कोण येत नाही, याची कार्डं मेष्ट्रूंनी कित्येक वर्षं जमवली होती. माणूस कुठं राहतो, स्वतःच्या घरात की भाड्याच्या खोलीत, काम काय, घरी कोण, असे रकाने होते. शेवटचा रकाना होता, 'तारखेची नोटीस हातात पडली का?' ही सगळी कार्डं मी संगणकात भरली. शेवटचा रकाना मात्र निम्म्याहून जास्त कार्डांवर कोराच होता, कारण परत आलेल्या नोटिसा फायलीत लावलेल्या नसत. अहवाल तयार होत होता. मी मेष्ट्रूंना म्हणाले की इतका कोरा रकाना तक्त्यात ठेवला तर सगळा तक्ताच कच्चा दिसेल, शास्त्राच्या दृष्टीनं तो काढणंच बरोबर. कॉलेजात मला असंच शिकवलं होतं. त्यांनी तक्ता बराच वेळ हातात धरला.

"काढायचा, म्हणता?"

"काढायलाच हवा."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

त्यांनी सही केली.

अहवालाचं चांगलं झालं. एका सरकारी समितीनं तो छापला. बेंगळुरूला भाषण झालं, तिथं लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. परतीच्या प्रवासात मेष्ट्रूंनी किती लोक बसूनच होते तेवढं सांगितलं. घरी काकूंनी होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, केली होती. मेष्ट्रूंनी दुसरी मागून घेतली. काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या की आज फार खूश आहेत हे, लग्नाच्या दिवशीही दुसरी मागितली नव्हती.

त्यानंतर वर्ष होत आलं असेल. एका सकाळी नंजुंडय्या वकील घरी आले. मेष्ट्रूंचे जुने मित्र, जाडजूड, मोठ्यानं बोलणारे. दारातूनच त्यांनी अभिनंदन केलं. मेष्ट्रूंच्या अहवालाचा कोर्टाच्या हुकुमात आधार घेतला गेला होता. असं म्हैसुरात कोणा मास्तरच्या बाबतीत पूर्वी झालेलं त्यांना आठवत नव्हतं. हुकुमाची प्रत त्यांनी आणली होती. काकूंनी काफी ठेवली. मेष्ट्रूंनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पानं दोनच होती. मेटगळ्ळीच्या एका वर्कशॉपच्या फाटकाशी मारामारी झाली होती, एकाचं डोकं फुटलं होतं, आणि पोलिसांनी धरलेल्यांत महादेव नावाचा एक प्रेस मशीन चालवणारा कामगार होता. त्यानं जामिनासाठी अर्ज केला होता. सरकारी वकिलांनी आमचा तक्ता पुढं केला. आरोपी हूटगळ्ळीत भाड्याच्या खोलीत राहतो आणि अशा खोल्यांत राहणारे आरोपी तारखेला येत नाहीत, असं अभ्यासावरून दिसतं, असा युक्तिवाद झाला. कोर्टानं तो मानला. जामीन नाकारला.

मेष्ट्रूंनी प्रत पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग नंजुंडय्यांना विचारलं की हा माणूस आता कुठं आहे. वकील म्हणाले, आतच असेल. हुकूम होऊन सात महिने झाले होते.

"सात," मेष्ट्रू म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीच फरक पडला नाही. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि खोकी उघडून बसले. काफी तशीच राहिली. मी दारात उभी होते. ते एकेक कार्ड काढून शेवटचा रकाना बघत होते आणि कोरी कार्डं एका बाजूला रचत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी खाली बसून दुसरं खोकं उघडलं. संध्याकाळपर्यंत आम्ही कोरी कार्डं वेगळी काढत होतो. मला काय वाटत होतं ते मला सांगता येत नाही. कार्डं गार लागत होती, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी मेष्ट्रू आणि नंजुंडय्या तुरुंगात जाऊन महादेवला भेटून आले. तिशीचा माणूस, सोसले नावाच्या गावचा. गावाकडं बायको, लहान मुलगी, आई आणि अंथरुणाला खिळलेला बाप. पगाराच्या आठवड्यात न चुकता घरी जाणारा. मारामारीच्या वेळी आपण आत मशीनवर होतो असं त्याचं म्हणणं होतं. आपला जामीन का नाकारला गेला हे त्याला नीट माहीतच नव्हतं. कोणत्या तरी कागदामुळं, एवढंच कोणीतरी सांगितलं होतं. मेष्ट्रूंनी त्याला सांगितलं, "तो कागद मी लिहिला."

मग आम्ही हूटगळ्ळीत त्याची खोली बघायला गेलो. ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं निघाली. दुमजली इमारत, एकाला एक लागून खोल्या, जिन्यात मोटरसायकली. खाली किराणा दुकान. त्या दुकानातून मी रोज दूध घेत होते. मेष्ट्रूंनी दुकानदाराला विचारलं की वरच्या लोकांचं टपाल कसं येतं. त्यानं फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून पुढं ठेवला. पोस्टमन वर चढत नाही, सगळं इथंच टाकून जातो, लोक खोल्या बदलतात, कोणी मागितलं तर देतो, असं तो म्हणाला. डबा भरलेला होता. त्यात कोर्टाची पाकिटं होती, न फोडलेली. काही इतकी जुनी की डिंक सुटून आपोआप उघडली होती. मेष्ट्रू दुकानाच्या पायरीवर बसले आणि एकेका पाकिटावरचं नाव आणि शिक्का उतरवून घ्यायला लागले. शेजारी मी उभी होते. दुकानदारानं मला ओळखलं आणि आज दूध नको का, असं विचारलं. मी हवं म्हणाले. पिशवी घेतली.

मेष्ट्रूंनी प्रतिज्ञापत्र केलं, डब्याची सगळी यादी जोडली, आणि नंजुंडय्यांनी सत्र न्यायालयात जामिनाचा नवा अर्ज लावला. तारीख मिळायला वेळ गेला. त्या मधल्या काळात सोसले गावी महादेवचा बाप वारला. बापाला माती द्यायला मुलाला पोलीस पहाऱ्यात सोडावं असा अर्ज झाला, मंजूरही झाला, पण मंजुरीचा कागद तुरुंगात पोचला तो दुसऱ्या दिवशी. तोवर बापाच्या पुतण्यानं माती दिली होती. नंजुंडय्यांनी हे फोनवर सांगितलं. मेष्ट्रूंनी फोन ठेवला आणि ते वेळेच्या नोंदी लिहायला बसले, अर्ज कधी झाला, मंजूर कधी, पोचला कधी. लिहून झाल्यावर पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. काकूंनी येऊन ते पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

सुनावणीला न्यायाधीशांनी मेष्ट्रूंना बोलू दिलं. इतकी वर्षं व्हरांड्यात बसलेला माणूस पहिल्यांदा आत उभा होता. त्यांनी सांगितलं की तक्ता खरा आहे पण अपुरा आहे. लोक आले नाहीत हे त्यानं मोजलं, त्यांना बोलावणं पोचलं का हे मोजलं नाही. मूळ कार्डांवर तो रकाना होता. सरकारी वकील उठले आणि म्हणाले की असा महत्त्वाचा रकाना होता तर तो कोणी काढला. मी मागच्या रांगेत बसले होते. माझे हात मांडीवर होते. ते मी बघत होते.

"मी काढला," मेष्ट्रू म्हणाले.

वकिलांनी विचारलं, का? ते म्हणाले, "तक्ता नीट दिसावा म्हणून."

जामीन मंजूर झाला. पुढं खटल्यातूनही महादेव सुटला, मशीनवरच्या हजेरीनं त्याचं म्हणणं खरं ठरवलं. पण तो नंतरचा भाग.

तो सुटल्यावर चार दिवसांनी मेष्ट्रू म्हणाले, सोसलेला जायचं. तुम्ही आला नाहीत तरी चालेल, असंही म्हणाले. मी गेले. गावातल्या मठावरून पुढं गेलं की एका गल्लीत त्याचं घर होतं. महादेव बाहेर ओट्यावर बसला होता. त्यानं उशिरानं डोकं भादरलं होतं. आम्ही अंगणात उभे राहिलो, मेष्ट्रू पुढं, मी त्यांच्या मागं. बसा असं कोणी म्हणालं नाही.

"तुम्ही मला कधी बघितलं होतं का?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

मेष्ट्रू नाही म्हणाले.

"मग मी येणार नाही, हे तुम्हांला कोणी सांगितलं? मी आलो असतो. प्रत्येक तारखेला आलो असतो."

मग तो बोलतच राहिला. आवाज वाढत गेला. बाप शेवटचे दोन दिवस दाराकडं तोंड करून पडला होता, हे आईनं सांगितलेलं त्यानं सांगितलं. शिव्या दिल्या. म्हाताऱ्या, तुला मुलं नाहीत म्हणून कळत नाही, असं म्हणाला. ते खरं होतं, मेष्ट्रूंना मुलं नव्हती. आतून त्याची आई आली आणि पुरे म्हणाली, पण तो थांबला नाही. शेजारचे लोक जमले. मेष्ट्रू हात बाजूला सोडून उभे होते. त्याचं संपल्यावर ते म्हणाले, "तप्पु नंदु." चूक माझी. एवढंच. मी एक पाऊल पुढं टाकलं असतं तर मेष्ट्रूंच्या बरोबरीला आले असते. ते पाऊल मी टाकलं नाही.

बसमध्ये मी त्यांना म्हणाले, "मेष्ट्रे, तो रकाना मी काढला."

"सही कोणाची हाय?"

"तुमची."

"मग बिडी," ते म्हणाले, सोडून द्या. आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

त्यांनी समितीला पत्र लिहून तक्ता मागं घ्यायला सांगितलं. उत्तर आलं नाही. दर महिन्याला ते तेच पत्र पुन्हा पाठवत. त्यानंतर त्यांनी एकही अहवाल लिहिला नाही. चपलांचं खोकं घेऊन ते हूटगळ्ळीच्या गल्ल्यांतून फिरायला लागले. कुठल्या दुकानात कोणाचं टपाल पडलंय ते बघायचं, पाकिटावरचं नाव वाचायचं, आणि तो माणूस आता कुठं राहतो ते शोधून पाकीट त्याच्या हातात द्यायचं. त्या वयात जिने चढायचे. तिसऱ्या मजल्यावर दम लागायचा. नोटीस घेणारे लोक पुष्कळदा त्यांच्यावरच चिडायचे, त्यांना वाटायचं हा कोर्टाचाच माणूस. 'पुष्कळदा' म्हणजे किती, ते मी मोजलं नाही. मेष्ट्रूंनीही मोजलं नाही. माझ्या माहितीत ही एकच गोष्ट आहे जी त्यांनी केली आणि मोजली नाही.

मधे एकदा महादेव केळीचा घड घेऊन त्यांच्या घरी आला. तो खटल्यातून सुटल्यानंतरची गोष्ट. काकूंनी त्याला जेवायला वाढलं. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी तिथं नव्हते. पण पुढं मेष्ट्रू अधूनमधून सोसलेला जाऊ लागले. त्याच्या आईला डोळ्यांचे थेंब नेऊन द्यायचे. एकदा त्याच्या मुलीला पाढे शिकवून आले, असं काकू म्हणाल्या.

नवऱ्याची बदली पुण्याला झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. मेष्ट्रू झोपाळ्यावर बसले होते. काकूंनी ओटी भरली. ते म्हणाले की पुण्यात सगळेच रेडिओसारखे बोलत असतील, तुम्हांला बरं पडेल. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला. फाटकाशी मी वळून बघितलं तर ते पेपर वाचत होते.

दोन वर्षांनी काकूंचा फोन आला. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि गेले, त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज अगदी सपाट होता. मी ऑफिसातल्या कामाचं पान पुरं केलं, संगणक बंद केला, घरी येऊन भाजी निवडली. मला रडू आलं नाही. त्या आठवड्यात नाही, नंतरही नाही. अकराव्या दिवशी मी म्हैसूरला गेले.

घरात बरीच माणसं होती. वकील, शिपाई, दोन निवृत्त न्यायाधीश, आणि हूटगळ्ळीतले काही लोक, जे कोणालाच ओळखत नव्हते आणि भिंतीला टेकून उभे होते. महादेव मागच्या अंगणात पंगतीची पानं उचलत होता. आता त्याचे केस कानाशी पांढरे झाले होते. मी त्याच्याजवळ गेले. त्यानं मला ओळखलं नाही. मी कन्नडमध्ये सांगितलं की मी मेष्ट्रूंकडं कामाला होते. आणि मग सांगितलं की तो रकाना मी काढला होता. मेष्ट्रूंनी दोनदा विचारलं होतं, मी नक्की म्हणाले होते.

तो हातात पानं धरून उभा राहिला.

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मी त्यांना फार बोललो होतो. आमच्या अंगणात. तेव्हा तुम्ही तिथं होता?"

"होते. मागं उभी होते."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मग खाली बघितलं. हातातली पानं त्यानं टोपलीत नेऊन टाकली, नळावर हात धुतले, पंच्यानं पुसले. परत येताना माझ्यासमोर क्षणभर थांबला. "आय्तु," म्हणाला. मग काकूंचा निरोप घेऊन तो बस पकडायला गेला.

कन्नडमध्ये आय्तु म्हणजे झालं. कळलं, ठीक आहे, असा त्याचा अर्थ होतो. संपलं, असाही होतो. त्यातलं कोणतं ते मी त्याला विचारलं नाही. अंगणात अजून एका पंगतीची पानं पडली होती. ती मी उचलायला घेतली.